पान आधी डुलतं, थाप मागून येते

रत्नाक्का, आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि अर्धवट भांडण मला मुळीच झेपत नाही. तुम्हाला जाऊन वीस दिवस झाले. तेरावं झालं, पाहुणे आपापल्या घरी गेले, खालच्या हॉलमधल्या भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या. आज सकाळी तुमच्या यजमानांनी, अण्णांनी, नेहमीसारखं गेटचं कुलूप काढलं आणि पेपर आत घेतला. तेव्हा आता रडणं जरा बाजूला ठेवून बोलायला हरकत नसावी. तुम्ही म्हणाला असतात, "बोल गं नागपूर, किती दिवस तोंड फुगवून बसणार?" दोन वर्षं तुमच्या घरात वरच्या मजल्यावर राहिले, पण तुम्ही मला नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. मी तुमच्यासाठी कायम नागपूरच.

आपली ओळखच तक्रारीतून झाली. मला नागपूरहून इथे कानडी मुलखात, हेब्बाळला येऊन आठवडाही झाला नव्हता. धड चाललेली नोकरी सोडून मी आणि माझा मित्र प्रवीण मिळून एक व्हिडिओ गेम करत होतो. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला, त्याच्या खोलीत बसून चित्रं काढायचा आणि मी इथे बसून कोड लिहायची, संगीत जुळवायची. भेटायचो आठवड्यातून एकदा, कारण रिंग रोडवरून रोज येणं-जाणं करायचं तर गेम करायला वेळ कुठून आणायचा. एका सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात तुम्ही, हातात नारळाचा कीस लागलेली किसणी.

"वर कोण ठोकतंय गं?"

"मी तर काहीच नाही ठोकून राहिली."

"पाय ठोकतेस की. रोज, आमच्या डोक्यावर. ठोकण्याचं काही नाही, ठोक. पण सात मात्रा झाल्या की थांबतेस. आठवी मला किसणीवर मारायला लागते."

मी खाली बघितलं. गेम तपासताना माझा उजवा पाय आपोआप ठेका धरायचा आणि आठव्या मात्रेला उडीचं बटण दाबायचं असल्यामुळे सगळं लक्ष बोटात जाऊन पाय थांबायचा. मला स्वतःला हे कधी कळलं नव्हतं. तुम्हाला ते मधल्या स्लॅबमधून ऐकू आलं होतं. मी खजील होऊन सॉरी म्हणाले, तर तुम्ही चप्पल काढून थेट आत आलात, माझ्या खुर्चीत बसलात आणि म्हणालात, "सॉरी राहू दे. काय करतेस ते दाखव."

मी दाखवलं. पडद्यावर एक कमळपक्षी, तुमच्या हेब्बाळच्या तळ्यावर असतो तसाच, लांब बोटांचा, पानांवरून चालणारा. गाणं वाजत राहतं आणि पक्षी आपोआप पुढे पळतो. खेळणाऱ्यानं फक्त उडी मारायची. पान ठेक्यावर डुलत तरंगतं आणि ठेका सुटला की बुडतं. पाय बरोबर वेळेला पडला की गाण्यातला एक सूर वाजतो, म्हणजे अर्धं गाणं आम्ही केलेलं आणि अर्धं खेळणाऱ्यानं वाजवायचं. पाय चुकला की पक्षी पाण्यात, गाणं बंद, आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. तुम्ही पाचसहा वेळा बुडलात, मग सलग वीसेक पानं ओलांडलीत आणि माझ्याकडे वळून म्हणालात, "अय्यो, हे तर भजन आहे की गं. त्यात पक्षी घातलायस, अष्टेच."

मला राग आला होता, अक्का. एवढं नवं काहीतरी करायला घेतलंय म्हणून मी घरच्यांशी बोलणं तोडून बसले होते आणि तुम्ही त्याला अष्टेच म्हणालात, म्हणजे एवढंच. आज वाटतं, त्या गेमबद्दल कुणी इतकं बरोबर वाक्य नंतर बोललंच नाही.

त्या दिवसापासून तुम्ही आमच्या परीक्षक झालात. कुणी नेमलं नव्हतं. सरकारी कचेरीत तीस वर्षं टंकलेखन केलेल्या बाईची बोटं रिकामी बसणार नव्हती, आणि भजनी मंडळात चाळीस वर्षं ढोलकी धरलेले कान तर त्याहून नाहीत. मी तुमच्या टॅबलेटवर गेम घालून दिला. दुपारी अण्णा पेपर तोंडावर घेऊन पडले की तुम्ही खेळायचात आणि संध्याकाळी मला व्हॉइस मेसेज यायचा. मी ते सगळे अजून ठेवले आहेत. या वीस दिवसांत एकही उघडलेला नाही, पण त्यांतलं बहुतेक मला पाठ आहे.

चांगलं काय, हे तुम्ही आधी सांगायचात. ती तुमची पद्धत होती. मंडळात नवी बाई गायली तरी आधी तिच्या आवाजातलं एक बरं शोधायचं आणि मग कान पिळायचा. तुम्हाला बटण एकच आहे हे आवडलं होतं. "बोटाला एकच काम दिलंस, बाकी सगळं कानाला, हे सरी केलंस." सरी म्हणजे बरोबर, हे तोवर मी शिकले होते. लेव्हल लहान ठेवल्या हे आवडलं होतं, कुकरच्या तीन शिट्ट्यांत एक होते म्हणून. पक्षी उडीच्या आधी मान किंचित खाली घालतो ते प्रवीणचं काम तर तुम्ही अण्णांना उठवून दाखवलंत. आणि सगळ्यात आवडली होती ती फेसाची लेव्हल, तिसरी. ती कल्पना प्रवीणची. बेळ्ळंदूरच्या तळ्यावर सांडपाण्याचा फेस येतो, रस्त्यापर्यंत उडतो, तो त्यानं खिडकीतून बघितलेला. लेव्हलच्या मधोमध पांढरा फेस येऊन सगळी पानं झाकतो आणि चार ओळी नुसत्या कानावर खेळायच्या. आमच्या ओळखीतल्या सगळ्या जाणकार पोरांनी ती लेव्हल काढून टाका म्हणून सांगितलं होतं. दिसतच नाही तर खेळायचं कसं, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही मेसेजमध्ये म्हणालात, "फेस येतो तेव्हाच खरा खेळ सुरू होतो गं. तोवर डोळे मध्ये मध्ये करतात." ती लेव्हल तुमच्या एका वाक्यावर वाचली.

मग दोष. हिरव्या पाण्यावर हिरवं पान, मोतीबिंदू झालेल्या माणसानं काय करायचं? दुसऱ्या लेव्हलमध्ये बगळा अचानक येतो, त्याच्या आधी गाण्यात काहीच सूचना नाही. एकदा बुडून कळतं, मग लक्षात ठेवायचं. "याला ताल म्हणत नाहीत, याला पाठांतर म्हणतात. शाळेत खूप केलंय." "चौथीचं गाणं तिसरीसारखंच आहे आणि हे मला कळलं नसेल असं समजू नकोस." हे सगळं मी कुरकुरत ऐकलं आणि बहुतेक दुरुस्त केलं. बगळ्याच्या आधी आता दोन मात्रा बासरी थांबते. पानांच्या कडा पिवळ्या झाल्या. चौथीचं गाणं मी फेकून नवीन केलं आणि त्या आठवड्यात तुमच्याशी बोलले नाही.

एकाच गोष्टीवर आपलं कधी जमलं नाही. बुडाल्यावर गाणं बंद का होतं?

मी तुम्हाला किती परीनं सांगितलं! या जातीच्या गेममध्ये असंच असतं. पडलं की पहिल्यापासून. पडण्याची भीती आहे म्हणून पार होण्याची मजा आहे. तळहाताला घाम आला पाहिजे, शेवटच्या चार पानांवर श्वास अडकला पाहिजे. नाहीतर मग गाणंच ऐका की नुसतं, खेळता कशाला? तुम्ही भाजी निवडत शांतपणे ऐकायचात आणि म्हणायचात, "सगळं सरी. पण गाणं का थांबवतेस?"

एकदा तर तुम्ही वैतागून मला गुरुवारच्या भजनाला घेऊन गेलात. तुमच्या मंडळातल्या सगळ्या बायका इथल्या जुन्या मराठी घरांतल्या. तुमची माणसं तीनचारशे वर्षांपूर्वी इकडे येऊन इकडचीच झालेली, माझी बस परवाची. त्यांचं मराठी मला अर्धं कळत होतं आणि माझं 'करून राहिली, येऊन राहिली' ऐकून त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. नवी बाई आली की तिच्या हातात झांज द्यायची, असा तुमचा रिवाज. माझ्या हातात आली. मी, ठेक्याचा गेम करणारी, आठ मात्रांच्या साध्या ठेक्यात तिसऱ्याच ओळीला घसरले. घाबरून जोरात वाजवायला लागले तशी आणखी घसरले. कुणी वळून बघितलं नाही, कुणी थांबलं नाही. माझ्या डाव्या बाजूच्या म्हातारबाईंनी गाता गाता आपला हात माझ्या मनगटावर ठेवला, नुसता ठेवला. एक पूर्ण आवर्तन मी गप्प बसले. सम आली तसा त्यांनी हात उचलला, आणि मी बरोबर आत होते.

परत येताना रिक्षात तुम्ही म्हणालात, "बघितलंस? झांज काढून घेतली का तुझी? भजन पहिल्यापासून सुरू केलं का? मनगटावर हात ठेव गं. माणसाला बाहेर कशाला काढतेस?"

मी म्हणाले, "अक्का, ते भजन आहे, हा गेम आहे." आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला मनातून पटलं होतं. पण पटलं म्हणायला माझी जीभ वळत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

आता जे बोलायला बसले ते. आधी सांगायला हवं होतं, पण पाणी प्यायच्या निमित्तानं दोनदा उठून आले.

तीन महिन्यांपूर्वी तुम्ही म्हणालात की टॅबलेटचा आवाज फार बारीक आहे, ढोलकी नीट ऐकू येत नाही. मी लगेच माझा बिनतारी स्पीकर आणून तुमच्या हॉलमध्ये लावून दिला. फार मोठेपणा वाटला होता मला. अण्णांनी त्यासाठी शोकेसमधल्या बाहुल्या बाजूला करून जागा केली. त्याच आठवड्यात मी तिसरीला नवं, लांब गाणं दिलं होतं आणि गेमही जरा कडक केला होता. पहिल्या दोन लेव्हल सैल ठेवल्या, तिसरीतल्या फेसापासून पुढे उडीची वेळ अगदी काटेकोर. आणि तुम्ही तिसरीत बुडायला लागलात. रोज, त्याच त्याच जागी. मी खाली आले की मान हलवायचात.

"पान आधी डुलतं गं, थाप मागून येते. बघ की स्वल्प."

"नवा चष्मा आला की ठीक होईल अक्का."

दोन दिवसांनी तुम्ही पुन्हा तेच सांगितलंत. मी घाईत होते. प्रवीणला चित्रांवरून झापून नुकताच फोन ठेवला होता. तेव्हा मी बोलले ते वाक्य: "अक्का, वयाप्रमाणे हात जरा मागे पडतोच. मनाला लावून घेऊ नका."

तुम्ही टॅबलेट पालथा ठेवलात आणि मला विचारलंत, चकली खाणार का. मी चार खाल्ल्या.

तुम्ही गेलात त्या सकाळी मी खाली धावले, डॉक्टरांना फोन केला, अण्णांचा हात धरून बसले, ते सगळं तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही. तुम्ही जवळ होतात आणि नव्हतात. दहाव्या दिवशी प्रवीण आला. गेम प्रकाशित करायला बाराच दिवस उरले होते आणि मी कॉम्प्युटर उघडला नव्हता. त्यानं मला काम म्हणून काहीतरी हातात द्यायचं ठरवलेलं दिसत होतं. म्हणाला, "आंटी के लॉग्ज देख ले. तीसरी लेव्हल इतनी मुश्किल क्यूं लगी उनको?"

प्रत्येक खेळणाऱ्याची प्रत्येक उडी गेम लिहून ठेवतो. कोणत्या क्षणाला हवी होती आणि कोणत्या क्षणाला पडली. मी तुमची फाईल उघडली आणि आकडे एकाखाली एक बघत गेले. सगळ्या उड्या उशिरा. ते मला ठाऊकच होतं. पण अक्का, ज्याचा हात खरोखर मागे पडतो त्याच्या उड्या एकसारख्या मागे पडत नाहीत. एक फार उशिरा, एक थोडी, एखादी घाईनं आधीच. तुमची प्रत्येक उडी सेकंदाच्या साधारण पाचव्या हिश्शानं उशिरा होती. पहिली तेवढीच, शंभरावी तेवढीच, फेसातलीसुद्धा तेवढीच. मी स्पीकर दिला त्याच्या आदल्या दिवसापर्यंत एकही उशिरा नव्हती.

बिनतारी स्पीकरला आवाज पोचायला तेवढा वेळ लागतो. चित्र लगेच दिसतं, आवाज मागून येतो. हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यावर उपाय म्हणून गेममध्ये एक जागा असते, तिथे जाऊन ही तफावत भरून काढायची. ती जागा मीच बनवली होती. सेटिंगच्या आत, त्याच्या आत, बारीक इंग्रजी अक्षरांत. स्वतः वायरचे हेडफोन लावून बसत असल्यामुळे मला कधी तिची गरज पडली नाही, आणि तुमच्यासाठी ती उघडायची आठवण झाली नाही. तुम्ही कानानं ऐकलंत आणि कानाबरहुकूम उडी मारलीत, चाळीस वर्षं मारत आलात तशी, बिनचूक. माझा गेम तुम्हाला चुकीचं ठरवत राहिला. तुम्ही मला दोनदा, अगदी त्याच शब्दांत सांगितलंत की काय बिघडलंय. मी तुम्हाला चष्मा सांगितला आणि मग वय सांगितलं.

माझं चुकलं, अक्का. तुमचा हात बरोबर होता. हे मला तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं आणि मी म्हटलं असतं की नाही, कुणास ठाऊक. आता म्हणते आहे तर समोर टेबलाशिवाय कुणी नाही.

मी खाली जाऊन अण्णांना सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवंच होतं. तुमच्या अण्णांशी माझं बोलणं दोन वर्षांत पाणी आलं का, पोस्ट आलं का, एवढंच. ते हॉलमध्ये चष्मा पुसत बसले होते. मी सगळं सांगितलं, स्पीकरसकट. मला वाटलं, रागावतील. रागावायला हवं होतं. त्यांनी चष्मा मिटून पेपरवर ठेवला.

"तू तसं म्हणालीस त्या आठवड्यातल्या गुरुवारी तिनं ढोलकी धरली नाही," ते म्हणाले. "झांज घेऊन बसली. घरी येऊन मला विचारली, माझा हात मागे पडतो का हो? मी काय सांगणार? मला ताल कळतो का?"

मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"पुढच्या गुरुवारी परत धरली की," अण्णा म्हणाले. "मी विचारलं, काय गं, आता? तर म्हणाली, माझा हात सरी आहे, मी तपासलं. भिंतीवरच्या घड्याळाबरोबर ताटावर वाजवून बघितलं. त्या पोरीच्या यंत्रातच उशीर आहे. मी म्हणालो, मग सांग तिला. तर म्हणाली, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तर भांडेल. हुशार आहे, तिचं तिला कळेल."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! आणि तरी तुम्ही रोज दुपारी बसून तो गेम खेळत होतात, त्याच फेसात बुडत होतात, आणि मला संध्याकाळी मेसेज पाठवत होतात की बासरी गोड झालीये. मला तुमचा इतका राग आला आणि इतकं हलकं वाटलं की मी अण्णांच्या समोरच हुंदके द्यायला लागले. त्यांनी उठून माझ्यासाठी कॉफी केली. पहिल्यांदाच करत असावेत. साखर नव्हती. मी सगळी प्याले.

मग मी वर आले आणि कामाला लागले. प्रवीण म्हणाला, एवढ्या शेवटी एवढा मोठा बदल कुणी करत नाही. मी म्हणाले, मी करते. आता गेम उघडला की सगळ्यात आधी नुसती ढोलकी वाजते. पडद्यावर पक्षी नाही, पान नाही. मोठ्या अक्षरांत, मराठीत, कन्नडमध्ये आणि आणखी चार भाषांत एवढंच येतं, की जसं ऐकू येईल तसं बोटानं वाजवा. माणूस आठ थापा देतो, गेम त्या ऐकतो आणि स्वतः तेवढा मागे सरकतो. कुणाचा स्पीकर कसला, कान कसले, गेमला त्याच्याशी देणंघेणं नाही. आधी त्यानं माणसाचं ऐकायचं, मग माणसाला शिकवायला जायचं. खेळणाऱ्या कुणालाही यात काही विशेष वाटणार नाही. पाच सेकंदांचं काम.

आणि गाणं आता थांबत नाही. पक्षी बुडाला की एक आवर्तन पाण्यात पोहतो, मान वर काढून. त्याचे सूर तेवढे वाजत नाहीत, ढोलकी चालू असते, आणि सम आली की एक पान त्याच्या पायाखाली येतं. त्या म्हातारबाईंचा हात आहे तो. तुम्ही म्हणत होतात तेच मी केलं आहे, हे मी इथे स्वच्छ शब्दांत कबूल करते. वाईट एवढंच वाटतं की गेम त्यानं खरोखर चांगला झाला. पूर्वी माणूस बुडाला की बोट आखडायचं. आता बुडलेला माणूस त्या आठ मात्रा कान देऊन ऐकतो आणि परतताना आधीपेक्षा बरा खेळतो.

पण शेवटची लेव्हल मी बदललेली नाही. सांगून ठेवते. तिथे बुडलं की पहिल्यापासून. तळहाताला घाम यायलाच हवा आणि याबाबतीत तुम्ही चूक आहात. तुम्ही असतात तर आठवडाभर भाजी निवडत माझं डोकं खाल्लं असतंत, आणि मी कदाचित ऐकलंही असतं, पण आता तुम्ही नाही आहात, त्यामुळे ते तसंच राहील. तेवढं भांडण मी जपून ठेवणार आहे.

दोष अजून आहेतच. चौथीचं नवं गाणंही फार काही बरं नाही. बगळा अजून थोडा लबाड आहे. कुणी म्हणेल सोपा झाला, कुणी म्हणेल फेसात दिसत नाही. म्हणू देत. परवा गेम प्रकाशित होतो आहे.

काल दुपारी मी नवी आवृत्ती तुमच्या टॅबलेटवर घातली, तोच स्पीकर जोडला आणि अण्णांच्या हातात दिली. त्यांनी आयुष्यात कधी गेम खेळला नाही. "मला ताल कळत नाही," ते म्हणाले. मी म्हणाले, "थापा द्या फक्त." त्यांनी तर्जनीनं टेबलावरची धूळ पुसल्यासारख्या आठ थापा दिल्या. मग मी तिसरी लेव्हल लावली, फेसाची. ते बुडाले. पोहले. पानावर आले, पुन्हा बुडाले. मी मोजलं नाही, पण पानांवर कमी आणि पाण्यात जास्त होते. फेस आला, गेला. बासरी वर चढली, ढोलकीनं तिहाई घेतली आणि गाणं संपलं.

अण्णांनी टॅबलेट टेबलावर ठेवला.

"हे गाणं संपतं होय?"

"म्हणजे?"

"मला वाटायचं, एवढंच आहे. दोनअडीच महिने इथे पडून ऐकलं. ता ना ना, ता ना ना, आणि बंद. परत ता ना ना आणि बंद. पुढे एवढं सगळं आहे हे ठाऊकच नव्हतं." मग त्यांनी विचारलं, "तिनं ऐकलं होतं का गं हे?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण लॉग माझ्या डोळ्यांसमोर होते. या नव्या गाण्यात फेसाच्या पलीकडे तुम्ही एकदाही पोचला नव्हतात. मी एकदा म्हणाले होते की गाण्याची फाईल पाठवते, ऐका नुसती, आणि तुम्ही नको म्हणाला होतात, पोचूनच ऐकीन. मी मान हलवली. "नाही अण्णा. माझ्यामुळे."

त्यांनी चष्मा नाकावर सारखा केला, टॅबलेट पुन्हा मांडीवर घेतला आणि खुर्ची स्पीकरजवळ ओढली.

"मग परत लाव," ते म्हणाले. "तिच्या वाटचं मी ऐकतो."

मी लावलं. अण्णा पहिल्याच पानावरून घसरले. गाणं चालू राहिलं.